फॉर्टी-फाइव्हवाला

अमरिलो, टेक्सस
२ डिसेंबर

प्रिय वेल्डन,

घरी सुखरूप पोचले. तुझ्या कानांत आता काही शिरत नाही आणि फोनवर ओरडून माझा घसा बसतो, म्हणून पुन्हा कागद-पेन काढलंय. आयुष्यभर कानात बोळे न घालता बार काढलेस, भोग आता.

माझं ते छोटं पिस्तूल तुझ्या खणात मुद्दाम ठेवून आले आहे. विसरले नाही. शेजारच्या ग्लेंडाचं घर फोडलं तेव्हा घाबरून घ्यायला गेले, आणि दुकानदाराने 'खास बायकांसाठी' म्हणत ते थ्री-एटी माझ्या गळ्यात मारलं. दिसायला गोजिरवाणं, पण त्याचा वरचा सरकता भाग मागे ओढायचा म्हणजे माझ्या अंगठ्यांचा जीव जातो. आता मी रिव्हॉल्वर घेतलंय. चाप ओढला की सुटतं, बाकी काही शिकावं लागत नाही. एप्रनच्या खिशात मावतं. तू नाक मुरडणार हे माहीत आहे, पण मला लढाईला जायचं नाही, बिंगो खेळायला जायचं असतं. ते छोटं विकून टाक, नाहीतर कागदांवर वजन म्हणून ठेव.

एक बोलायचं राहिलं. थँक्सगिव्हिंगला सगळ्यांच्या देखत तू एमेटला जे बोललास ते मला आवडलं नाही. बिचाऱ्याची बायको ओपल जाऊन वर्ष झालं नाही, कुणाकडे जेवायला जावं असं त्याला एवढं एकच घर, आणि तू त्याच्या खिशातलं पिस्तूल टर्कीशेजारी ठेवून म्हणतोस, 'एमेट, याने उंदीर तरी मरतो का रे, की नुसता लाजतो?' सगळे हसले. तोही हसला, पण मग त्याने शेवटचं गोड खाल्लंच नाही.

तुझी,
नेडीन

---

हार्लो क्रीक, ओक्लाहोमा
९ डिसेंबर

प्रिय नेडी,

एप्रनच्या खिशात. हे वाचून मी कॉफी सांडली.

नीट ऐक. इथे चर्चच्या हॉलमध्ये मी लोकांना पिस्तूल बाळगायला शिकवतो, फुकट शिकवतो, आणि माझी सख्खी बहीण ते एप्रनमध्ये ठेवते. एप्रन तू काढतेस की नाही? काढून खुंटीला लावतेस की नाही? मग चोर आला की त्याला काय सांगणार, थांब बाबा, एप्रन घालून येते? पर्समध्ये ठेवणाऱ्या बायकांची तीच गत. पर्स गेली की पिस्तूलही गेलं. हत्यार अंगाला बांधलेलं हवं. मी वर्गात सांगतो, पॅंट अंगावर आहे तोवर पिस्तूल अंगावर, आणि संडासात पॅंट खाली गेली तर पिस्तूल पॅंटबरोबर खाली, म्यानातच. बाहेर काढून इकडे तिकडे ठेवायचं नाही. जो ठेवतो तो गाढव.

रिव्हॉल्वर ठीक आहे, म्हाताऱ्यांना ठीक आहे. पण माझ्यापुरतं विचारशील तर फॉर्टी-फाइव्हच, मोठ्या गोळीचं. सगळं पोलाद. कंबरेला असलं की आहे असं कळतं. हल्लीची पोरं प्लॅस्टिकची खेळणी घेऊन फिरतात, हलकी पडतात म्हणे. हलकं हवं असेल तर रुमाल बाळगा.

एमेटचं म्हणशील तर तो माझा दोस्त आहे. दोस्ताला नाही बोलणार तर काय पास्टरना बोलू? रविवारी चर्चच्या दारावर राखणीला आम्ही दोघंच उभे असतो. दार मी सांभाळतो, गाड्यांकडे तो बघतो. त्याला काही वाटलेलं नाही. तुला उगीच सगळ्यांचा कळवळा.

थंडीने कंबर धरली आहे. बाकी ठीक.

वेल्डन

---

अमरिलो
१२ फेब्रुवारी

प्रिय वेल्डन,

जानेवारीभर तुझी एक ओळ नाही. आता कळलं का ते.

काल विल्माचा फोन आला होता. शाळेत माझ्या बाकावर बसायची ती, तुमच्या चर्चमध्ये आता पियानो वाजवते. तिने सगळं सांगितलं. गेल्या महिन्यात एका रविवारी सगळ्यांनी घरून आणलेलं जेवण हॉलमध्ये चाललं होतं आणि तुमच्या चर्चमधला डेल हात पुसत धावत आला, म्हणाला, हॉलमागच्या संडासात कागदाच्या डब्यावर कुणाचं तरी पिस्तूल पडलंय. आणि रविवार-शाळेची पोरं हात धुवायला तिकडेच रांग लावून निघाली होती. तू ताटावरून उठलास, आत गेलास, ते खिशात घालून बाहेर आलास. पास्टरनी विचारलं, कुणाचं? आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, 'नाव मी सांगणार नाही. ज्याचं आहे त्याला मी ते देईन. आता जेवा.'

पास्टरनी पुढच्या रविवारी त्यावरच प्रवचन केलं, दुसऱ्याची लाज झाकण्यावर. विल्माला रडू आलं. फोनवर मलाही आलं. आपल्या आईचा हाच गुण. मी बिंगोच्या बायकांना सांगितलं, हा माझा भाऊ.

कुणाचं ते तू बोलला नाहीस तरी सगळ्यांनी ओळखलंच म्हणे. डेल म्हणाला छोटंसं काळं होतं, आणि तेवढं छोटं एमेटशिवाय तिथे कुणाकडे आहे? पण तुझ्याकडे बघून कुणी त्याला तोंडावर काही बोललं नाही. थँक्सगिव्हिंगवरून मी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेते. मला वाटलं तुला माणसाची किंमत नाही. माझी चूक झाली.

तुझी,
नेडीन

---

हार्लो क्रीक
१९ फेब्रुवारी

प्रिय नेडी,

पत्र मिळालं. बिंगोच्या बायकांना सांगायचं काही कारण नव्हतं. विल्माला फार बोलायची सवय आहे.

एमेट येऊन गेला. ओपलने घातलेल्या भेंडीच्या लोणच्याची शेवटची बरणी घेऊन आला होता. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, 'वेल्डन, त्या दिवशी घरी जाऊन गाडीचा खण उघडला तर त्यात माझं पिस्तूल. तू ते कुणाला न दिसता परत ठेवलंस. मला शोधत बसला असतास तर सगळ्यांना कळलं असतं. मी काय बोलू तुला.' त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. ओपल गेल्यापासून वाळलाय, पॅंट कंबरेवर राहत नाही, पट्टा दोरीसारखा आवळतो. त्या दिवशी त्याने पिस्तूल आपल्या हाताने गाडीत ठेवलं असणार, पट्टा पेलत नाही म्हणून. मी काहीतरी बोललो, हवेबद्दल. बरणी घेतली.

आता हा विषय पुरे. कंबर तशीच आहे.

वेल्डन

---

अमरिलो
२७ फेब्रुवारी

प्रिय वेल्डन,

पुरे म्हणालास म्हणून पुरे होत नाही. विल्माचा पुन्हा फोन होता.

एमेटने राखण सोडली. ते तुला माहीत असेलच, आता गाड्यांकडे कोण बघतं? त्याने आपली पिस्तुलं डेलच्या हवाली केली. मुलीला, डेनिसला, बोलावून गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. म्हणतो, ज्याला पोरांच्या वाटेवर भरलेलं पिस्तूल ठेवून आल्याचं आठवतसुद्धा नाही, त्याने गाडी चालवू नये. त्याच्या बापाचं डोकं शेवटी शेवटी गेलं होतं, आता आपलंही चाललं असं धरून बसलाय. डेनिस त्याला तलसाला आपल्या घरी घेऊन जाणार. घरावर विक्रीची पाटी लागणार. वेल्डन, त्या घराची फळी न फळी त्याने स्वतः ठोकली आहे. विल्माने विचारलं, अरे पण आणखी काय विसरलास तू? तर म्हणाला, परवा ओपलला हाक मारली. मी तर माझ्या गेलेल्या नवऱ्याला, हॅरोल्डला, रोज हाक मारते. मग काय मलाही बांधून ठेवा.

तुझं मागचं पत्र मी पुन्हा वाचलं. 'त्याने पिस्तूल आपल्या हाताने गाडीत ठेवलं असणार,' असं तूच लिहिलंयस. मग संडासात होतं ते कुणाचं?

मी तुझी बहीण आहे. तू जन्मात कुणाची फजिती पोटात ठेवलेली मला आठवत नाही. मी बाबांची गाडी खांबावर घातली ते तू न्हाव्याच्या दुकानातसुद्धा सांगून आलास. काका चर्चमध्ये घोरले ते तू अजून सांगतोस. एमेटने खरंच तसं केलं असतं, तर तू उभ्या हॉलमध्ये त्याला सोलून काढलं असतंस आणि मला चार पानं लिहिली असतीस, छोट्या पिस्तुलांवर. या वेळी एक शब्द नाही. लाज झाकलीस खरी, पण ती कुणाची?

माझं पिस्तूल कुठे आहे?

नेडीन

---

हार्लो क्रीक
४ मार्च

नेडी,

तुझं पिस्तूल विकलं. तूच म्हणाली होतीस विक म्हणून.

वेल्डन

---

अमरिलो
७ मार्च

कुणाला?

नेडीन

---

हार्लो क्रीक
१० मार्च

प्रिय नेडी,

कुणाला नाही. माझ्यासमोर टेबलावर आहे.

नाताळच्या आधी डॉक्टरने सांगितलं, कंबरेवर ते लोखंड बांधून फिराल तर चालायचेही बंद व्हाल. मी त्याला हसलो. मग एका सकाळी बूट घालताना उठताच येईना. फॉर्टी-फाइव्ह कपाटात ठेवलं आणि खणातून तुझं ते खेळणं काढलं. कोटाच्या खिशात टाकलं. हलकं होतं. फार बरं वाटलं, नेडी, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली. कोट घातला की आत काय आहे ते कुणाला दिसतं? वर्गात मी तसाच छाती काढून फॉर्टी-फाइव्हच्या गोष्टी सांगत राहिलो. एमेटसमोरसुद्धा. त्या बिचाऱ्याने एकदा विचारलं, 'वेल्डन, म्हातारपणी जड नाही का रे पडत?' मी म्हटलं, बायकांना पडत असेल.

त्या रविवारी संडासात कोट खुंटीला लावला तर खिशातून ते खाली पडेल असं वाटलं, म्हणून काढून डब्यावर ठेवलं. म्यान नव्हतंच. मी, जो वर्गात गाढव गाढव म्हणून ओरडतो. कोट घातला, बाहेर आलो, वाढून घेतलं आणि जेवायला बसलो. डेल आला आणि बोलला तेव्हा माझा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता. आत गेलो तेव्हा पोरांची रांग दाराशी आली होती. पहिली मुलगी माझ्याकडे बघून हसली. तिचे हात रंगाने भरलेले होते.

बाहेर आलो तेव्हा सांगायचं मी ठरवलं होतं. तू मान नाहीतर नको मानूस. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात डेल म्हणाला, छोटंसं होतं, आणि सगळ्या माना एमेटकडे वळल्या. मी वळवली नाही. पण मला एकदम सुटल्यासारखं झालं. मग ते वाक्य बोललो, नाव सांगणार नाही, ज्याचं आहे त्याला देईन. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं बोलायची वेळच माझ्यावर आली नाही. मी सगळ्यांपुढे फॉर्टी-फाइव्हवाला होतो, माझ्यावर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यातच येणार नव्हतं.

मला वाटलं, दोन रविवार लोक कुजबुजतील आणि विसरतील. एमेट 'माझं नव्हतं' म्हणेल, भांडेल, मी हसण्यावारी नेईन. तो स्वतःच मान्य करून बसेल असं मला वाटलं नव्हतं. मी परत ठेवलं असेल असं त्याने धरलं, कारण मी चांगला माणूस आहे असं त्याला वाटतं. ओपलची बरणी मी उघडलेली नाही. टाकतही नाही.

आता काय करू ते सांग. तू सांगशील ते करतो.

वेल्डन

---

अमरिलो
१३ मार्च

वेल्डन,

काय करायचं ते तुला माहीत आहे, माझ्याकडून वदवून घेऊ नकोस.

आधी एमेटकडे जा, एकटा. मग रविवारी हॉलमध्ये उभा राहा, डेल असताना, पास्टर असताना, पोरांच्या आया असताना. पिस्तूल दाखव. घरावर पाटी लागायच्या आत. लोक छी-थू करतील, करू देत. वर्ग बंद होईल, होऊ दे. एक माणूस आपलं डोकं ठिकाणावर नाही असं समजून जिवंतपणी आवरायला लागलाय, आणि ते तुझ्या एका वाक्यापायी.

मला तुझी लाज वाटते. आणि माझीही वाटते, कारण मी ते बायकांना मिरवून सांगितलं. त्यांना मी उद्या खरं सांगणार आहे. एमेटलाही फोन करते, की ते पिस्तूल माझं होतं.

तू पडून राहू नकोस. ऊठ आणि जा.

नेडीन

---

हार्लो क्रीक
२५ मार्च

प्रिय नेडी,

तू सांगितलंस ते सगळं केलं. क्रमाने सांगतो.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी एमेटकडे गेलो. तो ओपलचे कपडे घड्या घालून खोक्यांत भरत होता. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. संडास, कोट, कंबर, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं. मग पिस्तूल हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, 'अगदी माझ्या पिस्तुलासारखंच शोधून आणलंस. किती करशील रे माझ्यासाठी.'

मी म्हटलं, एमेट, मी खरं बोलतोय. तो म्हणाला, 'वेल्डन, तू आणि थ्री-एटी?' आणि हसला. ओपल गेल्यापासून मी त्याला असा हसलेला बघितला नव्हता. मी कोट काढून कंबर दाखवली, डॉक्टरचं सांगितलं. म्हणाला, 'कंबर दुखत असेल, पण तू ते लोखंड मेलास तरी सोडणार नाहीस. तूच सांगतोस ना, हलकं हवं असेल तर रुमाल बाळगा.' मी शपथ घ्यायला लागलो तर त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. माझ्यापायी खोटी शपथ घेऊ नकोस, एवढंच म्हणाला. तू फोन केलास तेही त्याने सांगितलं. म्हणाला, बहिणीने भावाची बाजू घ्यायलाच हवी, तुमचं घरच तसं आहे.

रविवारी हॉलमध्ये उभा राहिलो. म्हटलं, ते पिस्तूल माझं होतं, विसरलो मी, एमेटचा काही संबंध नाही. पोरांचा जीव माझ्यामुळे धोक्यात आला. पिस्तूल वर धरून दाखवलं. मग डेल उठला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळे उठले, नेडी. उभे राहून टाळ्या वाजवत होते. पास्टरनी मला मिठी मारली आणि कानाशी काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मी ओरडलो, अरे बसा, मी खोटं बोलत नाही. ते आणखीच वाजवायला लागले. विल्मा रडत होती. त्या पोरीची आई, जिने मला खरं तर दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या, ती माझ्यासाठी ताट वाढून घेऊन आली. मी ते खाल्लं नाही. राखण सोडली आहे, वर्ग बंद केला आहे. तेही एमेटच्या दुःखापायी असंच समजतात सगळे.

डेनिसला फोनवर सांगायला गेलो, तिचं मला ऐकू येईना. मग पत्र लिहिलं. तिने उत्तर पाठवलं, 'बाबांना तुमच्यासारखा मित्र मिळाला हे त्यांचं भाग्य.' बस्स.

काल ती त्याला घेऊन गेली. तो गाडीत बसला, पट्टा लावला, मग काच खाली करून मला जवळ बोलावलं. मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलला, आणि मोठ्याने बोलायला त्याला संकोच वाटत होता. 'वेल्डन, शेगडी बंद केली की नाही ते मला आठवत नाही. आता माझा काही भरवसा नाही. जरा बघशील?'

गाडी गेली आणि मी आत गेलो. शेगडी बंद होती. मागचा गॅसही बंद होता. अजून एखादी थंडीची रात्र येईल म्हणून बाहेरचा नळ फडक्याने गुंडाळलेला. फ्रिज रिकामा करून, पुसून, वास येऊ नये म्हणून दार थोडं उघडं ठेवून त्यात लाकडाचा तुकडा अडकवलेला. किल्ल्या खिळ्यांना, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. पक्ष्यांच्या दाण्याचं भांडं भरलेलं. भिंतीवरचं घड्याळ, दर मार्चमध्ये करायचं असतं तसं, उन्हाळ्याच्या वेळेसाठी तासभर पुढे केलेलं होतं. माझ्या घरातलं मी अजून केलेलं नाही.

मी सगळ्या खोल्या बघितल्या, नेडी. त्याने काहीतरी विसरलेलं असावं म्हणून शोधत होतो, एखादा दिवा, एखादी खिडकी. तो काहीही विसरला नव्हता.

तुझा,
वेल्डन